टनामागे किती युनिट?

लघुउद्योगातील ऊर्जाबचतीची चर्चा बहुधा एलईडी दिव्यांपासून सुरू होते आणि छपरावरच्या सोलर पॅनेलपाशी येऊन थांबते; या दोहोंच्या मधला कारखाना, म्हणजे वीज प्रत्यक्ष जिथे खर्ची पडते ती भट्टी, कॉम्प्रेसर, मोटारी आणि त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे बसलेली कामाची रीत, या चर्चेत क्वचितच येते. नवे यंत्र घेतले की बचत होते, हा समज त्यामागे आहे. तो अगदीच चुकीचा नाही, परंतु बहुतेक लहान कारखान्यांत पहिली उणीव यंत्राची नसून मोजमापाची असते. महिन्याचे वीजबिल किती आले हे मालकाला तोंडपाठ असते, पण एक टन माल तयार करायला किती युनिट लागले हे विचारले तर उत्तर अंदाजानेच मिळते. या उणिवेचा अर्थ समजून घेण्यासाठी एकच धंदा जवळून पाहणे अधिक उपयोगाचे, आणि त्यासाठी कोल्हापूर परिसरातील ओतकामाचा, म्हणजे फौंड्रीचा, धंदा घेता येतो.

उसाचे चरक आणि शेतीपंपांसाठी लागणारी ऑइल इंजिने यांच्या गरजेतून कोल्हापुरात लोखंड ओतण्याची कारागिरी वाढली, आणि शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या शेडमधून ती पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि इचलकरंजीच्या औद्योगिक वसाहतींत पसरली. आज या पट्ट्यात सुमारे तीनशे फौंड्री असून मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग त्या ओततात. कास्टिंगच्या उत्पादनात भारताचा क्रमांक जगात चीनच्या खालोखाल लागतो, तो अशाच लहान-मध्यम कारखान्यांच्या जोरावर. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग ‘लघु’ गणला जातो. म्हणजे ज्यांना सर्रास ‘छोटे’ म्हटले जाते, त्यांतले कित्येक कारखाने दरमहा लाखो युनिट वीज वापरणारे असतात.

फौंड्रीतील विजेचा सर्वांत मोठा वाटा इंडक्शन भट्टीकडे जातो. या भट्टीत तांब्याच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यातून निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे भट्टीतल्या धातूतच प्रवाह खेळू लागतात, आणि धातू आतून तापून वितळतो. एक टन ओतीव लोखंड साध्या तापमानापासून सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यासाठी लागणारी उष्णता हिशेबाने ४०० युनिटच्या आतबाहेर येते. प्रत्यक्षात मात्र चांगल्या चाललेल्या भट्टीला ५५० ते ६०० आणि ढिसाळ चाललेल्या भट्टीला ७०० युनिटही लागतात. यांतली काही तूट अटळ असते, कारण तांब्याचे वेटोळे स्वतः तापते, ते थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर उष्णता निघून जाते, आणि वीज-रूपांतरणातही थोडी गळती होते. उरलेली तूट मात्र भट्टीवर उभ्या असलेल्या माणसांच्या हातात असते, आणि ती यंत्राच्या माहितीपत्रकात कोठेही छापलेली नसते.

या तुटीचा माग काढण्याचे साधन म्हणजे विशिष्ट ऊर्जावापर, अर्थात उत्पादनाच्या एका एककामागे खर्च झालेली ऊर्जा. फौंड्रीत ते टनामागे युनिट असेल, बर्फाच्या कारखान्यात लादीमागे युनिट, बेकरीत मैद्याच्या पोत्यामागे इंधन. परंतु नुसता भागाकार फसवू शकतो. समजा, एखाद्या फौंड्रीने एका महिन्यात २०० टन धातू वितळवला आणि कारखान्याचा एकूण वापर १,६०,००० युनिट झाला, तर पुढच्या महिन्यात ३०० टन वितळवून २,२०,००० युनिट लागले. टनामागचा आकडा ८०० वरून ७३३ वर आला, म्हणून बचत झाली असे वाटेल. प्रत्यक्षात कारखान्यात काहीच सुधारलेले नसते. वाढीव १०० टनांना ६०,००० युनिट लागले, म्हणजे खरा चढता खर्च टनाला ६०० युनिट आहे, आणि उरलेले ४०,००० युनिट एक टनही माल न निघता खर्च होणारे आहेत. हा स्थिर खप म्हणजे रात्रंदिवस फिरणारे पंप, रिकामा चालणारा कॉम्प्रेसर, नुसती गरम ठेवलेली भट्टी, कूलिंग टॉवरचा पंखा. बारा महिन्यांचे उत्पादन आणि युनिट आलेखाच्या कागदावर बिंदूंनी मांडून त्यांतून एक सरळ रेषा ओढली, की ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो हा स्थिर खप. या कामाला ना सल्लागार लागतो ना सॉफ्टवेअर. जुनी बिले आणि उत्पादनाची वही पुरते. तरीही ते होत नाही, कारण बिल हिशेबनिसाच्या फाइलमध्ये असते, वही सुपरवायझरच्या टेबलावर असते, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते.

टनामागच्या चढत्या खर्चाकडे वळले, की भट्टीचे तोंड हे पाहण्याचे पहिले ठिकाण. तापलेली वस्तू जी उष्णता प्रारणाने फेकते ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे १४५० अंशांवरील धातूचे अर्धा मीटर व्यासाचे उघडे तोंडदेखील कित्येक दहा किलोवॉट उष्णता शेडमध्ये ओतत राहते. यावरचा उपाय म्हणजे झाकण. ते बहुतेक भट्ट्यांना दिलेले असते आणि बहुतेक वेळा बाजूला काढून ठेवलेले असते, कारण भंगार टाकताना ते आड येते. झाकण लावले जात नाही याचे खरे कारण असे, की भंगार लांबीला वेडेवाकडे असते आणि ते एकदम आत मावत नाही. म्हणजे झाकणाचा प्रश्न वस्तुतः भंगार कापून, मोजून, भट्टीशेजारी तयार ठेवण्याचा असतो.

भट्टी भरून वितळवून ओतण्याच्या एका फेरीला कारखान्यात ‘हीट’ म्हणतात. एका हीटची वेळ घड्याळ लावून टिपली, तर वितळण्याच्या क्रियेबरोबरच वाट पाहण्याचे किती प्रकार तीत दडलेले आहेत ते दिसते: रासायनिक पृथक्करणाचा निकाल प्रयोगशाळेतून यायचा असतो, साचे पुरेसे तयार नसतात, क्रेन दुसरीकडे अडकलेली असते, लॅडल, म्हणजे वितळलेला रस वाहून नेणारे भांडे, नीट तापवलेले नसते. या प्रत्येक थांब्यात धातू नुसता गरम ठेवण्यासाठी वीज जळत असते. लॅडल थंड असेल तर ओतेपर्यंत रस गार होईल या धास्तीने भट्टीतच तो ४०-५० अंश जास्त तापवला जातो, आणि या जादा ५० अंशांसाठी टनामागे १५ ते २० युनिट सहज जातात. लॅडलला झाकण आणि आतून चांगले उष्णतारोधक अस्तर असेल तर ही धास्तीच उरत नाही. परत वितळवायच्या रनर-रायझरना, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या वाटांत आणि जादा रसाच्या साठ्यांत गोठलेल्या धातूला, चिकटलेली वाळू हा असाच दुर्लक्षित खर्च आहे. वजनाला वजन धरले तर वाळू तापवायला लोखंडापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि ती वितळून मिळतो तो केवळ मळ, जो काढताना पुन्हा भट्टीचे तोंड उघडे ठेवावे लागते.

फौंड्रीतील सर्वांत मोठी बचत मात्र वीजजोडणीच्या कोणत्याच टोकाला नसते. वितळवलेल्या धातूपैकी किती धातू विकण्याजोग्या कास्टिंगच्या रूपात बाहेर पडतो, या प्रमाणाला ‘यील्ड’ म्हणतात. हे प्रमाण ६० टक्के असेल, तर एक टन चांगल्या मालासाठी १.६७ टन धातू वितळवावा लागतो. ते ६५ टक्क्यांवर नेले तर १.५४ टन पुरतो. टनाला ६०० युनिटच्या हिशेबाने हा फरक चांगल्या मालाच्या प्रत्येक टनामागे सुमारे ७७ युनिटांचा होतो, आणि तो कोणतीही नवी भट्टी न घेता मिळतो. हे काम इलेक्ट्रिशियनचे नसून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवणाऱ्याचे आहे: रायझर किती मोठा, रनर कुठून, रस कसा गोठेल याचे गणित संगणकावर आधी मांडून पाहणारी सॉफ्टवेअरे आता लहान फौंड्रीही वापरू लागल्या आहेत. नाकारलेल्या मालाचेही तसेच. ग्राहकाकडून परत आलेल्या कास्टिंगमध्ये वितळवण्याची वीज, साच्याची वाळू, मशीनिंगचे तास आणि वाहतुकीचे डिझेल असे सगळेच वाया गेलेले असते. ऊर्जालेखापरीक्षणाच्या, म्हणजे ऊर्जा कुठे येते आणि कुठे जाते याच्या शास्त्रशुद्ध तपासणीच्या, अहवालात मात्र रिजेक्शनचा उल्लेख अनेकदा एखाद्या ओळीत उरकला जातो. तो दर्जाचा विषय मानला जातो, ऊर्जेचा नव्हे. ही विभागणी कागदावर ठीक असली, तरी मीटरला ती ठाऊक नसते.

भट्टीनंतर नाव घ्यायचे ते कॉम्प्रेसरचे, आणि हा विषय फौंड्रीपुरता नाही. गॅरेजपासून पॅकिंगच्या युनिटपर्यंत सर्वत्र दाबाखालची हवा वापरली जाते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी हत्याराच्या टोकाशी उपयुक्त कामाच्या रूपात जेमतेम १० ते १५ टक्केच पोहोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. इतकी महागडी ऊर्जा असूनही जमीन झाडायला, कपड्यांवरची धूळ उडवायला आणि घाम वाळवायला ती सर्रास वापरली जाते, कारण हवा फुकट असते असे सगळ्यांना वाटते. सात बार दाबावर तीन मिलिमीटरचे एक छिद्र साधारण साडेतीन किलोवॉट खाते. कारखाना वर्षाला ४,८०० तास चालत असेल तर सुमारे १६,८०० युनिट एकट्या त्या छिद्रातून जातात. पाइपचे सांधे, रबरी नळ्या, क्लिप आणि पाणी काढण्याचे व्हॉल्व्ह यांतून मिळून २० ते ३० टक्के हवा गळणे ही नवलाची गोष्ट नाही.

या गळतीची चाचणी सुटीच्या दिवशी तासाभरात होते. हवेवर चालणारी सर्व हत्यारे बंद करून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, आणि तो किती वेळ ‘लोड’ घेतो, म्हणजे हवा दाबतो, आणि किती वेळ ‘अनलोड’ म्हणजे नुसता फिरतो, ते स्टॉपवॉचने चार-पाच फेऱ्यांसाठी टिपायचे. कुणीच हवा वापरत नसताना कॉम्प्रेसरला लोड घ्यावा लागतो तो केवळ गळतीमुळे. म्हणून लोडचा वेळ भागिले एकूण वेळ म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेतील गळतीचा हिस्सा. दोन मिनिटे लोड आणि सहा मिनिटे अनलोड असा क्रम आला, तर गळती २५ टक्के. त्यानंतर साबणाच्या पाण्याचा ब्रश सांध्यांवर फिरवला, की बुडबुडे जागा दाखवतात. दाब एक बारने कमी करता आला तर कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि आत येणारी हवा चार अंशांनी थंड मिळाली तर आणखी एक टक्का. तरीही पुष्कळ ठिकाणी कॉम्प्रेसर भट्टीशेजारच्या कोंदट खोलीत, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसलेला आढळतो.

मोटारींच्या बाबतीत हिशेब अधिक सरळ आहे, पण तो सहसा उलटा मांडला जातो. मोटार घेताना किंमत पाहिली जाते, आणि जळाली की ती रिवाइंडिंगला पाठवली जाते. वस्तुतः १० अश्वशक्तीची, म्हणजे साधारण ७.५ किलोवॉटची मोटार पूर्ण भाराने वर्षाला ६,००० तास चालली, तर तिचे एका वर्षाचे वीजबिल तिच्या खरेदी-किमतीच्या कितीतरी पट होते. जुन्या आयई-१ दर्जाच्या अशा चार-पोल मोटारीची कार्यक्षमता ८६ टक्के धरली आणि आयई-३ दर्जाची ९०.४ टक्के, तर वर्षाला सुमारे २,५०० युनिटांचा, म्हणजे आठ रुपये दराने वीस हजार रुपयांचा फरक पडतो. निष्काळजी रिवाइंडिंगमध्ये तार बारीक वापरली किंवा जुने वेटोळे काढताना गाभा जास्त तापवला, की आणखी एक-दोन टक्के जातात आणि ते कायमचे जातात. दिवसातून तासभर चालणाऱ्या मोटारीसाठी मात्र हा खटाटोप करू नये. तास मोजल्याशिवाय मोटार बदलणे हीसुद्धा उधळपट्टीच.

याच ठिकाणी वीजबिलाची रचना समजून घ्यावी लागते. मोटारी आणि भट्ट्या काही प्रवाह प्रत्यक्ष कामासाठी घेतात, तर काही केवळ चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी; दुसऱ्या प्रकारच्या प्रवाहातून काम होत नाही, पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे ओझे वाहतात. कामाची वीज आणि एकूण ओझे यांच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॉटवरील लघुदाब ग्राहकांना एकूण ओझ्यावर, म्हणजे केव्हीएएच या एककावर, बिल आकारणी सुरू झाली. त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला तर वेगळा दंड दिसत नाही, युनिटच वाढलेली दिसतात, आणि पॉवर फॅक्टर सावरणारा कपॅसिटर निकामी झाल्याचे कित्येक महिने लक्षात येत नाही. मागणी आकाराचेही तसेच आहे. तो महिन्यातल्या काही मिनिटांच्या सर्वोच्च सरासरी मागणीशी जोडलेला असतो. सकाळी भट्टी, कॉम्प्रेसर आणि वाळूचा मिक्सर एकदम सुरू करण्याची सवय असेल, तर त्या काही मिनिटांचे पैसे महिनाभराच्या बिलात मोजावे लागतात.

वेळेनुसार बदलणाऱ्या दरांनी तर एक जुनी व्यवस्थाच हलवली आहे. रात्रीच्या विजेला सवलत होती म्हणून कित्येक फौंड्रींनी वितळवण्याचे काम रात्रपाळीत नेले. केंद्र सरकारच्या जून २०२३ च्या नियमदुरुस्तीने सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज नेहमीच्या दरापेक्षा १० ते २० टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांतील वीज १० ते २० टक्के महाग ठेवण्याची दिशा दिली, कारण सौरवीज दिवसा मुबलक आणि संध्याकाळी शून्य असते. ग्रिडच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. कारखान्याच्या दृष्टीने मात्र पाळ्या, कामगारांची वाहतूक आणि साचे तयार करण्याचे वेळापत्रक असे सगळेच फिरवावे लागते, आणि दरपत्रक पुन्हा बदलले तर ते पुन्हा फिरवावे लागेल. लघुउद्योजकाला कार्यक्षमतेचे धडे देणाऱ्यांनी ही अनिश्चितताही त्याच्या खर्चात मांडली पाहिजे. छपरावरील सौरवीज फायद्याची ठरते हे खरे, पण गळका कॉम्प्रेसर चालवण्यासाठी जास्त पॅनेल बसवणे म्हणजे गळतीच भांडवली खर्चात नोंदवणे होय.

तंत्रज्ञान बदलायचे ठरले, की अडचण वेगळीच असते. काही फौंड्रीत अजून क्युपोला, म्हणजे कोक जाळून लोखंड वितळवणारी उभी भट्टी, वापरात आहे. तिच्यात एकाऐवजी दोन पातळ्यांवरून हवा सोडली, तर वरच्या बाजूला न जळता निघून जाणारा कार्बन मोनॉक्साइड आतच जळतो आणि कोक वाचतो. टेरी या संशोधनसंस्थेने स्विस विकास सहकार्याच्या मदतीने अशी दुहेरी झोताची क्युपोला १९९८ मध्ये हावड्याला उभी करून दाखवली, आणि तिथे कोकचा वापर सुमारे एक-तृतीयांशाने घटला. तिचे यश केवळ दोन ओळींच्या छिद्रांत नव्हते. हवेचा दाब, दोन पातळ्यांतले अंतर, पंख्याची क्षमता, कोक-लोखंडाचे वजन करून भरणे या सगळ्यांचा मेळ त्यात होता. अशा भट्टीची बाहेरून पाहून केलेली नक्कल दिसायला तशीच असते, चालायला मात्र जुन्यासारखी. लघुउद्योगांच्या वसाहतीत शेजाऱ्याचे पाहून यंत्र घेण्याची रीत असल्यामुळे एक चांगले उदाहरण झपाट्याने पसरते आणि एक फसलेली नक्कलही तितक्याच वेगाने त्या तंत्राची बदनामी करते.

शाश्वत व्यवहारात ऊर्जेच्या जोडीला वाळू येते. साच्याची वाळू वारंवार वापरून निकामी झाली की ती टाकायला जागा लागते, आणि नवी वाळू नदी-खाणींतून, डिझेल जाळून आणावी लागते. यांत्रिक किंवा औष्णिक पद्धतीने कणांवरचा जळका थर काढून वाळू पुन्हा वापरता येते. एकट्या लहान फौंड्रीला हे यंत्र परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून चालवायचे सामायिक केंद्र हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. वाळूची बारीक धूळ फुफ्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, त्यामुळे धूळ शोषणाऱ्या यंत्रणेची वीज वाचवण्याच्या यादीत कधीच येता कामा नये.

पैशाची बाजू पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, त्याखाली ऊर्जा दक्षता ब्युरो २००२ मध्ये स्थापन झाला, आणि राज्यात या कायद्याची नियुक्त संस्था म्हणून महाऊर्जा काम करते. ब्युरो, लघुउद्योग विकास बँक (सिडबी) आणि जागतिक बँक यांच्या ऊर्जाबचतीच्या प्रकल्पात कोल्हापूरची फौंड्री-वसाहत पुण्याच्या फोर्जिंग उद्योगाबरोबर निवडली गेली होती. जुलै २०२५ मध्ये ब्युरोने लघुउद्योगांसाठी सुरू केलेल्या योजनेत कार्यक्षम यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना पाच टक्के आणि मध्यम उद्योगांना तीन टक्के व्याजसवलत ठेवली असून फौंड्रीचा समावेश तिच्या क्षेत्रांत आहे. परंतु अशा प्रत्येक योजनेत आधीचा वापर आणि नंतरचा वापर दाखवावा लागतो. मोठे वाहन-उत्पादक आता पुरवठादाराकडे कास्टिंगमागचे कार्बन-उत्सर्जन विचारू लागले आहेत; ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ६०० युनिटांनी वितळवलेल्या टनामागे वितळवण्याचेच ४२० किलो होतात. भट्टीला स्वतंत्र सबमीटर आणि हीटगणिक वजनाची नोंद असलेल्या फौंड्रीला हे उत्तर त्याच दिवशी देता येते. ज्यांच्याकडे एकच मुख्य मीटर आहे, त्यांना भट्टी, कॉम्प्रेसर आणि कार्यालयातला एसी यांची वीज एकत्रच टनांवर वाटावी लागते, आणि मग त्यांचा आकडा शेजारच्या फौंड्रीपेक्षा विनाकारण मोठा दिसतो.